गोगलगायीच्या भ्रूणात कोणती पेशी काय होणार हे कसं ठरतं: बघण्याची आणि तपासण्याची पद्धत

गोगलगायीच्या भ्रूणविकासाबद्दल वाचायला घेतलं की एक आकृती हमखास समोर येते. खाली चार मोठ्या पेशी, त्यांच्या खाचांत तिरक्या बसलेल्या चार छोट्या, आणि प्रत्येकीवर आकडा-अक्षराची खूण. या खुणा पाठ झाल्या की विषय समजला असं वाटू लागतं, आणि घोटाळा तिथेच होतो. डोळा कोणत्या पेशीपासून होतो हे कळणं वेगळं आणि तीच पेशी डोळा का होते हे कळणं वेगळं. पहिलं उत्तर नुसत्या निरीक्षणातून मिळतं. दुसऱ्यासाठी भ्रूणात ढवळाढवळ करावीच लागते, आणि तीही अशा रीतीने की तिचा अर्थ एकच निघेल.

खाली ज्या क्रमाने लिहिलं आहे त्याच क्रमाने जावं. सुरुवातीचे टप्पे बरा सूक्ष्मदर्शक आणि काचेची टाकी असलेल्या कुणालाही जमतील. पुढच्या टप्प्यांना सुसज्ज प्रयोगशाळा लागते. ती नसली तरी दुसऱ्यांचे प्रयोग नीट वाचण्यासाठी तो भाग समजून घ्यावा लागेल.

प्राणी निवडताना

घरी किंवा महाविद्यालयात बघायचं असेल तर गोड्या पाण्यातल्या दोन गोगलगायी घ्या: लिम्निया आणि फायसा. दोघी काचेवर किंवा पानांवर पारदर्शक जेलीचा पुंजका घालतात. त्या जेलीत अनेक कुप्या असतात आणि साधारणपणे प्रत्येक कुपीत एक अंडं. लिम्निया स्टॅग्नॅलिसचं अंडं सुमारे १२० मायक्रोमीटरचं, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढं. दोघींची जोडी मुद्दाम सुचवतो आहे. लिम्नियाचा शंख उजवीकडे वळतो, फायसाचा डावीकडे, आणि हा फरक भ्रूणात फार लवकर दिसतो.

अंडी हवी त्या वेळी मिळवायची एक खात्रीची युक्ती आहे. काही दिवस पाणी बदलू नका, मग एकदम स्वच्छ, क्लोरीन उडून गेलेलं, हवा खेळवलेलं पाणी द्या. लिम्निया त्यानंतर लवकरच अंडी घालायला लागते. टाकीच्या आतून पातळ प्लॅस्टिकचा कागद लावून ठेवला तर त्यावरचा पुंजका कागदासकट उचलता येतो, खरवडावा लागत नाही.

तळ्यातून आणलेल्या गोगलगायी हाताळताना हातमोजे घाला आणि नंतर हात साबणाने धुवा. बायोम्फालारिया आणि ब्युलिनससारख्या काही गोगलगायी माणसाला होणाऱ्या शिस्टोसोमा कृमींना आपल्या शरीरात वाढवतात. आणि काम संपल्यावर उरलेल्या गोगलगायी दुसऱ्या कुठल्या तळ्यात सोडू नका.

समुद्रातल्या जातींशिवाय मात्र या विषयाचा इतिहास पुरा होत नाही. चिखलाळ किनाऱ्यावरची ट्रिटिया ऑब्सोलेटा (जुन्या लिखाणात ती इल्यानासा म्हणून सापडेल), खडकांना चिकटून राहणारी पॅटेला आणि एकीवर एक चढून बसणारी क्रेपिड्युला या तिघी पुढे वारंवार येतील.

वर कोणतं, खाली कोणतं

अंडं सूक्ष्मदर्शकाखाली आलं की आधी दिशा ठरवा. अंड्याच्या एका टोकाला एक-दोन बारीक चकचकीत कण चिकटलेले दिसतात. या पोलर बॉडी, म्हणजे अर्धसूत्री विभाजनात बाहेर टाकलेला जास्तीचा केंद्रकीय भाग. त्या जिथे, तो प्राणिध्रुव. त्याच्या विरुद्ध टोकाला पिवळा बलक दाटलेला असतो, तो वनस्पतिध्रुव. इथून पुढे त्यांना वरचा आणि खालचा ध्रुव म्हणतो.

पोलर बॉडी आणि पोलर लोब यांची गल्लत करू नका. पोलर लोब म्हणजे काही जातींत विभाजनाच्या वेळी खालच्या टोकाला तात्पुरता फुगून येणारा, केंद्रक नसलेला फुगवटा. विभाजन संपता संपता तो एका पेशीत परत मिसळून जातो. एक गोष्ट वरच्या टोकाची, दुसरी खालच्या. नावं सारखी असल्यामुळे परीक्षेतल्या उत्तरांत ही अदलाबदल सर्रास दिसते.

गोड्या पाण्यातल्या भ्रूणांत आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. दोन पेशींच्या अवस्थेतच पेशींच्या मधोमध एक पारदर्शक पोकळी फुगते, काही वेळाने रिकामी होते आणि पुन्हा फुगते. भ्रूण बिघडलेलं नाही. पातळ पाण्यात राहणाऱ्या पेशी आत शिरलेलं जास्तीचं पाणी अशा रीतीने बाहेर टाकत असतात.

वेळ घड्याळावर मोजू नका, पेशींच्या संख्येवर मोजा. तापमान दोन-चार अंशांनी बदललं की तासांचा सगळा हिशेब कोलमडतो. "आठ पेशी, विभाजन पूर्ण" अशी नोंद कुठल्याही तापमानाला खरी राहते.

पेशींना नावं देणं

पहिली दोन विभाजनं उभी होतात आणि ए, बी, सी, डी या चार पेशी तयार होतात. तिसऱ्या वेळी प्रत्येक मोठी पेशी वरच्या बाजूला एक छोटी पेशी काढते. मोठीला मॅक्रोमिअर म्हणतात, छोटीला मायक्रोमिअर. मोठ्या पेशी पुन्हा विभागून दुसरी चौकडी देतात, मग तिसरी, मग चौथी.

रोमन लिपीत मॅक्रोमिअरला मोठं अक्षर आणि मायक्रोमिअरला लहान अक्षर वापरतात. देवनागरीत तो भेद दाखवता येत नाही, म्हणून मी थोरली आणि धाकटी असं लिहितो. थोरली २डी विभागली की तिच्यापासून थोरली ३डी आणि धाकटी ३डी होतात. आकडा चौकडीचा, अक्षर घराण्याचं. धाकट्या पेशी पुढे विभागल्या की मागे आणखी एक आकडा लागतो: १ए-१ ही वरच्या ध्रुवाजवळची, १ए-२ ही खालची.

ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली. एडमंड विल्सन यांनी १८९२ मध्ये नेरीस या सागरी कृमीची पेशी-वंशावळ प्रसिद्ध केली आणि एडविन कॉंक्लिन यांनी १८९७ मध्ये क्रेपिड्युलाची. कृमी आणि गोगलगाय दिसायला कुठेच जुळत नाहीत, पण त्यांच्या भ्रूणांतल्या पेशी पत्त्यापत्त्याने जुळतात. हे लक्षात आल्यावर दोन माणसांनी दोन वेगळ्या जातींत बघितलेल्या एकाच पेशीबद्दल बोलणं शक्य झालं. कॉंक्लिन यांचं काम रंगद्रव्य टोचून केलेलं नव्हतं. एकापाठोपाठ एक अवस्थेतली भ्रूणं बघत, चित्रं काढत त्यांनी ते पुरं केलं. आजच्या माणसाचा एवढ्यावर संयम टिकेल का, शंका आहे.

तिरकेपणाची दिशा

तिसऱ्या विभाजनात छोट्या पेशी मोठ्यांच्या बरोबर डोक्यावर बसत नाहीत. त्या बाजूला सरकून दोन मोठ्या पेशींमधल्या खाचेवर बसतात, कारण विभाजनाचा स्पिंडल, म्हणजे गुणसूत्रं दोन टोकांना ओढणारी तंतूंची जुडी, तिरकी असते. पुढच्या विभाजनात तिरकेपणा उलट, त्याच्या पुढच्यात पुन्हा उलट. म्हणूनच अंड्याच्या या सुरुवातीच्या विभाजनांना सर्पिल विदलन म्हणतात.

दिशा ओळखायला वरच्या ध्रुवातून खाली बघा, म्हणजे पोलर बॉडी तुमच्याकडे हव्यात. छोट्या पेशी आपापल्या मोठीच्या मानाने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सरकल्या असतील तर भ्रूण उजवं. लिम्नियात सहसा असंच दिसतं. फायसात त्या काट्यांच्या उलट सरकतात.

इथे फसायला भरपूर वाव आहे. संयुक्त सूक्ष्मदर्शक प्रतिमा उलटी दाखवतो, पण ती १८० अंशांत फिरलेली असते. त्याने डावं-उजवं बदलत नाही. बदलतं ते दोन कारणांनी: भ्रूण खालच्या ध्रुवाकडून बघितलं तर, आणि फोटो आरशासारखा उलटवला गेला तर. काही फोनचे पुढचे कॅमेरे आणि काही सॉफ्टवेअर हे न सांगता करतात. सोपा उपाय म्हणजे काचपट्टीवर एक छापील अक्षर चिकटवून त्याच जोडणीतून त्याचाही फोटो घ्या. अक्षर कसंही फिरवून सरळ वाचता आलं तर दिशा खरी.

नकाशा: कोण काय होतं

आता एकेका पेशीत चमकणारा रंग टोचून ती शेवटी कुठे पोचते हे बघायचं. चित्र ढोबळमानाने असं निघतं. पहिल्या चौकडीपासून डोक्याची त्वचा, डोळे, मेंदूच्या गाठी आणि अळीच्या पोहण्याच्या पट्ट्याचे सिलिया, म्हणजे हलणारे केसांसारखे बारीक तंतू. दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकडीपासून शंखग्रंथी, पाय, तोंडाचा भाग, बाकीची बाह्यत्वचा आणि काही स्नायू. धाकटी ४डी या सगळ्यांत वेगळी. हृदय, बरेचसे स्नायू आणि आतड्याचा भाग तिच्या वंशातून येतो. उरलेल्या थोरल्या पेशी, बलक पोटात घेऊन, मुख्यतः पचनसंस्थेकडे जातात.

ट्रिटियात डावा डोळा धाकट्या १ए पासून होतो आणि उजवा धाकट्या १सी पासून. १बी आणि १डी डोळा देत नाहीत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचा सगळा तर्क त्याच्यावर उभा राहणार आहे.

नकाशा तयार झाला म्हणजे फक्त पत्ता मिळाला. १ए ला डोळा व्हायचा हुकूम जन्मतः मिळाला, की शेजाऱ्याने सांगितलं म्हणून ती डोळा झाली, याबद्दल नकाशा चकार शब्द बोलत नाही.

डी घराणं ओळखणं

चार घराण्यांपैकी डी निराळी आहे. तीच पाठीची बाजू ठरवते आणि भ्रूणाची मांडणी तिच्याभोवती होते. ती ओळखायच्या दोन तऱ्हा आहेत आणि तुमची जात कोणत्या गटातली हे आधीच माहीत हवं.

पहिल्या गटात विभाजन असमान असतं. ट्रिटियात पहिल्या विभाजनाच्या वेळी खाली चांगला मोठा पोलर लोब फुगतो, इतका की क्षणभर तीन पेशी आहेत असा भास होतो. लोब एकाच पेशीत परत जातो. दुसऱ्या विभाजनात पुन्हा तेच. ज्या पेशीला शेवटी लोबमधला माल मिळतो ती डी. चार पेशींच्या अवस्थेत ती सगळ्यांत मोठी असते, बोट दाखवून ओळखता येते. लोब मोठा असलाच पाहिजे असंही नाही. बिथिनिया या दुसऱ्या एका गोगलगायीचा लोब अंड्याच्या एका टक्क्याहूनही कमी आकाराचा असतो, पण त्यात आरएनएने भरलेला एक ठळक पुंजका असतो, आणि तो लोब काढला की विकास कोलमडतो.

दुसऱ्या गटात चारही पेशी सारख्या. लिम्निया, फायसा, पॅटेला इथल्या. चार पेशींच्या अवस्थेत खालून बघितलं तर समोरासमोरच्या दोन पेशी एकमेकींना भिडलेल्या दिसतात. डी त्या दोघींपैकी एक होणार, पण कोणती हे त्या वेळी ठरलेलंच नसतं. लिम्नियात २४ पेशींच्या आणि पॅटेलात ३२ पेशींच्या अवस्थेत विभाजन बराच वेळ थांबतं. त्या वेळात एक थोरली पेशी आत, वर सरकते आणि वरच्या छोट्या पेशींना सगळ्यांत जास्त भिडते. ती थोरली ३डी. व्हान डेन बिगेलार आणि गेरिए यांनी १९७९ मध्ये पॅटेलावर दाखवलं की भिडलेल्या दोघींपैकी एक काढून टाकली तर दुसरी ती जागा घेते. आणि वरची पहिली चौकडीच काढली तर कुणीच डी होत नाही, भ्रूण चारी बाजूंनी सारखंच राहतं. ३डीची निवड वरच्या छोट्या पेशींच्या स्पर्शावर होते, आणि निवडली गेल्यावर तीच त्या पेशींना हुकूम देते.

म्हणून लिम्नियाच्या वहीत १६ पेशींपर्यंत डी असं लिहायचंच असेल तर पेन्सिलीने लिहा. नक्की झाल्यावर मागे जाऊन नावं पक्की करा. उजव्या भ्रूणात वरून बघताना ए, बी, सी, डी हा क्रम घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जातो, डाव्यात उलट. डी कळली की बाकीच्या आपोआप कळतात.

कसोट्या: एकटी ठेवा, काढून टाका, जागा बदला

माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे. प्रत्येक कसोटी वेगळा प्रश्न विचारते आणि एकीचं उत्तर दुसरीच्या नावावर खपवता येत नाही.

एकटी ठेवणं म्हणजे पेशी भ्रूणातून सोडवून स्वच्छ पाण्यात वाढवणं. समुद्री जातींसाठी कॅल्शियम नसलेलं समुद्री पाणी वापरतात, त्यात पेशींची एकमेकींवरची पकड सैल होते. विल्सन यांनी १९०४ मध्ये पॅटेलातल्या पोहण्याच्या पट्ट्याच्या मूळ पेशी अशा सोडवल्या. प्रत्येक पेशी एकटी असतानाही दोनदाच विभागली, तिच्या चार पेशी झाल्या, आणि त्यांना सिलिया फुटले, भ्रूणात फुटले असते तसेच. शेजारी नसताना जे घडतं ते पेशीने बरोबर आणलेलं असतं. अशा प्रयोगांमुळे गोगलगायीच्या अंड्याला तुकड्यातुकड्यांनी आधीच ठरलेलं अंडं अशी ख्याती मिळाली, आणि ती पाठ्यपुस्तकांत आजही अडकून बसली आहे.

आता काढून टाकण्याकडे या. हेन्री क्रॅम्प्टन यांनी १८९६ मध्ये ट्रिटियाच्या अंड्याचा पोलर लोब काढून टाकला. लोबमध्ये केंद्रक नसल्याने पेशींची संख्या कमी होत नाही. तरी चारही घराणी सारखी दिसू लागली, डीची वेगळी लय हरपली. पुढे ए. सी. क्लेमेंट यांनी हे काम कित्येक वर्षं चालवलं. लोब काढलेल्या भ्रूणांपासून झालेल्या अळ्यांमध्ये सिलिया हलतात, स्नायू असतात, पण डोळे नाहीत, पाय नाही, धड आकाराचा शंख नाही, हृदय नाही, आतडं नाही.

हृदय आणि आतडं गेलं ते समजण्यासारखं आहे. ते धाकट्या ४डी पासून होतात, ती डी घराण्यातली, आणि लोबचा माल डी घराण्याकडेच जातो. पण डोळे का गेले? डोळे १ए आणि १सी देतात. ए ला लोबचा माल कधी मिळालाच नव्हता, सी लाही शेवटी नाही. जो माल त्यांच्यापर्यंत पोचतच नाही तो काढल्याने त्यांचं काम बिघडलं. याचा अर्थ एकच: डी घराणं स्वतः डोळा करत नाही, पण डोळा करायला दुसऱ्यांना सांगतं. आधीच ठरलेलं म्हणून प्रसिद्ध असलेल्या या भ्रूणात निम्मा कारभार बोलण्यातून चालतो, हे एवढ्या साध्या कात्रीने उघड झालं.

मग पुढचा प्रश्न, कधी सांगतं? क्लेमेंट यांनी १९६२ मध्ये डी घराण्यातली थोरली पेशी टप्प्याटप्प्याने उशिरा काढत नेली. चार पेशींच्या अवस्थेत काढली तर लोब काढल्यासारखीच अळी. पहिली आणि दुसरी चौकडी निघाल्यावर काढली तरी फारसा फरक नाही. तिसरी चौकडी निघाल्यानंतर, थोरली ३डी असताना, काढली तर डोळे, शंख, पाय दिसू लागतात, पण हृदय आणि आतडं नाही. धाकटी ४डी जन्मल्यावर उरलेली थोरली ४डी काढली तर जवळजवळ पूर्ण अळी. डोळे-शंख-पाय यांचा संकेत थोरल्या ३डीच्या आयुष्यात दिला जातो आणि हृदय-आतड्याचा वारसा धाकट्या ४डीकडे जातो. वेळ सरकवत एकच गोष्ट काढत जाण्याची ही पद्धत मला या क्षेत्रातली सगळ्यांत सुरेख वाटते. तिला सुईपलीकडे फारसं काही लागत नाही.

असा प्रयोग करताना किंवा वाचताना तुलनेच्या भ्रूणांकडे आधी बघा. थोरली डी मोठी असते, ती काढली की भ्रूणाचं बरंच आकारमान जातं. अवयव त्यामुळेच गेले नाहीत कशावरून? म्हणून ए, बी किंवा सी यांच्यातली थोरली पेशीही काढून बघावी लागते. तेव्हा डोळे, शंख, पाय असे सगळे एकदम नाहीसे होत नाहीत. दुसरी शंका बलकाची. क्लेमेंट यांनी १९६८ मध्ये अंडी जोरात गरगर फिरवून त्यांतला बलक वर सरकवला आणि मग अंड्याचा खालचा अर्धा भाग वेगळा वाढवला. बलक बहुतेक गेला तरी त्या भागात डीची क्षमता राहिली. ठरवणारी गोष्ट बलकात नाही. सहज न हलणाऱ्या कशाशी तरी, बहुधा पेशीच्या सालीलगतच्या थराशी, ती बांधलेली आहे.

जागा बदलणं ही तिसरी कसोटी, हाताला सगळ्यांत कठीण. ट्रिटियात १बी डोळा देत नाही ते ती थोरल्या ३डीपासून दूर असते म्हणून. क्षमता तिच्यात असते. १डीचं तसं नाही. ती ३डीला लागूनच असते आणि तरीही डोळा देत नाही, कारण तिला वारशानेच काही वेगळं मिळालेलं असतं. दोन शेजारणींचा डोळा नसणं वरून सारखं दिसतं, कारणं मात्र अगदी वेगळी. नुसता नकाशा बघून हे कधीच कळलं नसतं.

रेणूंपर्यंत पोचताना

डेव्हिड लॅम्बर्ट आणि लिसा नेगी यांनी २००१ मध्ये दाखवलं की ट्रिटियात एमएपीके हा संकेत-मार्ग आधी थोरल्या ३डीत आणि मग संकेत घेणाऱ्या छोट्या पेशींत चालू होतो. यू०१२६ या औषधाने तो अडवला की ३डी काढल्यासारखी अळी मिळते. समान विभाजन करणाऱ्या जातींतही ३डीत हाच मार्ग चालू झालेला सापडला आहे. डी निवडण्याच्या तऱ्हा दोन असल्या तरी पुढची वाट एकत्र येते.

औषधाचे प्रयोग वाचताना एक खबरदारी घ्या. औषध सगळ्या भ्रूणाला मिळतं. त्यामुळे मार्ग सांगणाऱ्या पेशीत अडला की ऐकणाऱ्या पेशीत, हे एवढ्यावरून ठरत नाही. औषध कधी घातलं आणि कधी धुऊन काढलं ते बघा, आणि पेशी काढण्याच्या प्रयोगाशी त्या वेळा ताडून पाहा.

डीकडून निघणारा निरोप कोणता, याचं २०१६ मध्ये मिळालेलं उत्तर म्हणजे डीपीपी, आपल्यासारख्या पृष्ठवंशी प्राण्यांतल्या बीएमपी प्रथिनांच्या कुळातला. तो दाबला की भ्रूण डी घराणं काढल्यासारखं वागतं.

वारशाच्या बाजूलाही एक विलक्षण गोष्ट सापडली. लॅम्बर्ट आणि नेगी यांनीच २००२ मध्ये दाखवलं की काही एमआरएनए (जनुकाचा निरोप वाहणारे आरएनए) विभाजनाच्या आधी सेंट्रोसोमवर, म्हणजे स्पिंडलच्या टोकाशी असणाऱ्या केंद्रावर, गोळा होतात, तिथून पेशीच्या कडेच्या एका विशिष्ट भागाकडे जातात, आणि विभाजनानंतर एकाच लेकीच्या वाट्याला येतात. नंतरच्या कामात असे वाटले जाणारे आरएनए पुष्कळ निघाले. नॅनोस हे त्यांपैकी ओळखीचं नाव. धाकट्या ४डीच्या वंशाला ते लागतं, ते दाबलं तर त्या वंशाचे अवयव होत नाहीत.

शंखाचं वळण

तिसऱ्या विभाजनाची दिशा आणि मोठेपणीचं शंखाचं वळण यांचा संबंध आहे, आणि ती दिशा भ्रूणाच्या स्वतःच्या जनुकांवर नव्हे, आईच्या जनुकांवर ठरते. बॉयकॉट आणि डायव्हर यांनी लिम्नियाच्या एका जातीची पैदास करून मिळवलेले आकडे १९२३ मध्ये मांडले. ते मेंडेलच्या नियमांत बसेनात. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी त्याच वर्षी उलगडा केला: संतती आईच्या जनुकांचं वळण दाखवते, म्हणून अपेक्षित प्रमाण एक पिढी उशिरा दिसतं. पैदास करून बघणार असाल तर तिसऱ्या पिढीपर्यंत थांबावं लागेल. लिम्निया उभयलिंगी आहे आणि एकटी असली तर स्वतःचं स्वतःलाच फलित करते, हे हिशेबात धरा.

रेको कुरोदा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तिसरं विभाजन चालू असताना काचेच्या बारीक काड्यांनी छोट्या पेशी उलट्या दिशेला ढकलल्या. भ्रूणं उलटी वाढली, नोडल हे जनुक विरुद्ध बाजूला व्यक्त झालं, शंख आणि आतले अवयव आरशातल्यासारखे झाले. त्यांची पिल्लं मात्र पुन्हा नेहमीच्या वळणाची, कारण जनुकांना कुणी हात लावलेला नव्हता. २०१६ मध्ये यामागचं जनुक सापडलं: पेशीच्या सांगाड्यातले ॲक्टिनचे तंतू वाढवणाऱ्या फॉर्मिन प्रथिनाचं. २०१९ मध्ये क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने ते बंद केल्यावर उजव्या लिम्नियाच्या वंशात डाव्या गोगलगायी जन्मल्या.

याच्या उलट उदाहरण ब्रिटनमधल्या जेरेमीचं. २०१६ मध्ये प्रसिद्धी पावलेली ही डावी बागगोगलगाय होती. तिला जोडीदार शोधण्यासाठी जाहीर आवाहन झालं, जोडीदार मिळाले, पिल्लं झाली, आणि ती सगळी उजवी. पुढच्या कामातून दिसलं की त्या जातीत डावं वळण सहसा वारशाने येत नाही, विकासातल्या अपघाताने येतं. एकच डावी गोगलगाय सापडली म्हणून जनुकाची घोषणा करायची घाई करू नये.

नवी जात हाती घेतल्यावर

ट्रिटियाचे नियम जसेच्या तसे दुसरीकडे नेऊ नका. क्रेपिड्युला ही त्याची चांगली परीक्षा आहे. तिथे पोलर लोब आहे पण लहान, आणि डी ठरवण्यात त्याचा वाटा ट्रिटियासारखा निर्णायक नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे इतर पेशींना संकेत देण्याचं काम थोरली ३डी करत नाही, धाकटी ४डी करते.

हे कसं ओळखायचं ते बघा, कारण इथे फसगत सहज होते. थोरली ३डी काढली तर क्रेपिड्युलाचं भ्रूणही बिघडतं. त्यावरून संकेत ३डीचा असं लिहिलंत तर चूक, कारण ३डी गेली की तिची लेक ४डी जन्मतच नाही. म्हणून तीन वेगवेगळ्या गटांत तीन कामं करा: ४डी जन्मण्याआधी ३डी काढा, जन्मल्याबरोबर फक्त धाकटी ४डी काढा, आणि त्याच वेळी फक्त थोरली ४डी काढा. धाकटी काढल्यावर हृदय आणि आतडं एवढंच गेलं, डोळे आणि शंख राहिले, तर तुमची जात ट्रिटियासारखी. डोळे, शंख आणि शरीराची डावी-उजवी मांडणीही कोलमडली, तर क्रेपिड्युलासारखी. थोरली ४डी काढल्यावर दोन्हींत फारसं काही बिघडू नये. बिघडलं तर आधी तुमची सुई तपासा.